सगळ्यात मागे बाबा

२६ फेब्रु. २०१८, फेल्डहोवन, नेदरलँड्स
बाबांना पुण्याहून येऊन महिना होत आला. आई गेल्यानंतरचा पहिला हिवाळा. इथल्या सपाटीला पार कंटाळलेत. जेवताना विचारलं, "डोंगर नसलेल्या देशात माणसं मन मोकळं करायला जातात कुठे?" उभा जन्म सह्याद्री पालथा घातला, आता खिडकीतून सायकली बघत बसतात. वीकेंडला ऑस्ट्रियाला न्यायचं ठरवलं. नवऱ्याला ऑफिस. आम्ही दोघंच.

३ मार्च, ऑस्ट्रिया
गाव मोकळं, वर पांढरं. लॉजच्या बाईंनी बजावलं, उन्हाच्या बाजूला नुसता चिखल, सावलीत वितळून पुन्हा गोठलेला बर्फ. वर भुरभुरीत ताजा पडलाय, म्हणून खालचा दिसत नाही. बुटांना लावायचे स्पाइक्स भाड्याने घेतले. बाबा : "कातळावर कधी लागले नाहीत." घालून बघितले, पण तोंड वाकडं करून.
उद्या मी पुढे, ते मागे. त्यांचा जुना नियम, जाणता माणूस सगळ्यात मागे. लहानपणी मी पुढून ओरडायचे, "बाबा, आहात ना?" ते काठी दोनदा आपटायचे. मग कशाची भीती वाटायची नाही.

४ मार्च
वरच्या जंगलात सावलीची बाजू. जेमतेम पाऊल मावेल एवढी वाट, खाली उतार. मी पायांकडे बघत चाललेली. मागची काठी कधी थांबली, कळलंच नाही. रुंद जागा आली तेव्हा वळून पाहिलं. कोणी नाही.
हाक मारली. खालून "ओ" आलं, अगदी शांत. वाटेखाली झाडाला अडकून बसलेले. एक स्पाइक निघालेला, मनगट छातीशी धरलेलं. मागून आलेल्या दोघांनी दोरीने वर घेतलं.
"हाक का नाही मारलीत?" ओरडलेच मी.
"तू गर्रकन वळली असतीस. तिथे वळायला जागा नव्हती."

११ मार्च, फेल्डहोवन
मनगट मोडलंय, प्लॅस्टर तिकडेच घातलं. इथल्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, पॅरासिटामॉल घ्या म्हटलं. इथे सगळ्यावर तेच औषध.
मी बाबांशी धड बोलत नाहीये. आई गेली, हेही गेले असते, आणि मी आपली पुढे चालतच राहिले असते. माझ्यासाठीच गप्प बसले, हे कळतं. म्हणून तर राग जात नाही.

१८ मार्च
पुन्हा थंडी. सायकलच्या वाटेवर बर्फाचा पापुद्रा. बाबांना फिरायला जायचंच होतं. दाराबाहेर सवयीने माझ्या मागे येऊन उभे राहिले.
"बाबा, आज तुम्ही पुढे."
बराच वेळ हललेच नाहीत. मग निघाले, हळूहळू, काठी टेकत. थोडं गेल्यावर, मागे न बघताच, "पुढच्या हिवाळ्यात परत जाऊ. ती वाट राहिलीय."
मी त्यांच्या पावलांवर नजर ठेवून मागे चालत राहिले.
पुढे पुलाचा चढ. बाबा तिथे थांबले.
"आहेस ना गं?"
माझ्याकडे काठी नव्हती. "आहे," म्हटलं.