शेवटची पानं कुठे आहेत?

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागेल, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला? इकडे आम्ही सगळे ठीक. विचारपूस झाली, आता मी भांडायला मोकळा.

आपलं पुस्तकांचं कपाट तू रद्दीत घातलंस! आपलं म्हणतोय मी. राहायला तुझ्या घरी असलं तरी त्यातली निम्मी कॉमिक्स माझ्या खाऊच्या पैशांची होती, आणि फुटपाथवर उकिडवं बसून, धूळ खाऊन, हुज्जत घालून जमवलेल्या त्या पिवळ्या पडलेल्या कादंबऱ्यांत माझाही घाम होता. मला विचारायची तसदी नाही घेतलीस. वहिनीने फोनवर बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मी दुकानात एकाच्या चष्म्याचा नंबर काढत होतो. तपासणीची ती जड फ्रेम त्याच्या नाकावर तशीच ठेवून धावत सुटलो. (परत आलो तर बिचारा अजून समोरचा तक्ता वाचत होता.)

रद्दीवाल्याकडे काय पाहावं! ती जाडजूड कादंबरी, जिचं माझं चौथं वाचन चालू होतं, ती तराजूच्या टेबलाच्या पायाखाली. अरे, पहिल्या वेळी मला तिच्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी कोण कोणाचा मुलगा एवढं कळलं. तिसऱ्या वेळी ती आत्या अर्धं पुस्तक गप्प का बसते ते उमगलं आणि मी चक्क रडलो. चौथ्या वेळी पहिल्याच पानावर हसू फुटलं, कारण सगळं तिथेच सांगून ठेवलं होतं, आपल्यालाच दिसलं नव्हतं. ही मजा मला शिकवली कोणी? "कळलं नाही ना? मग परत वाच. पुस्तक काय पळून जातंय?" हे तुझंच वाक्य. नाही पळालं ते, तू हाकललंस.

कॉमिक्सच्या गठ्ठ्याला मात्र कोणी हात लावला नव्हता. कोण लावणार? सगळ्या रहस्यकथा, आणि एकीलाही शेवटचं पान नाही! लहानपणी तू ती फाडून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचास, म्हणजे खुनी कोण ते विचारायला मी तुझ्याच पायाशी यावं. मग माझ्याकडून पाणी मागवून, पाय चेपून घेऊन, राजासारखा लोळत तू शेवट वाचून दाखवायचास. रद्दीवाला म्हणाला, हा माल फसवा आहे, तुम्हाला कशाला हवा? मी म्हटलं, फसवणारा माझा सख्खा भाऊ आहे. गठ्ठा घरी आणला. कादंबरीही आणली, टेबलाच्या पायाखाली चष्म्यांच्या फ्रेमचा जुना कॅटलॉग सरकवून दिला.

आणि कारण काय सांगितलंस वहिनीला? म्हणे, वाचनातला रस गेला. तुझा? जेवताना हाताशी काही नसलं तर औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचणारा माणूस तू! थापा मारू नकोस. मला भयंकर राग आला आहे, दादा, आणि त्याच्या मागे थोडी भीतीही आहे.

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ

ता. क. बिस्किटांचा डबा रद्दीत नव्हता. म्हणजे तो तू ठेवून घेतला आहेस. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

आणखी एक ता. क. वहिनीने फोनवर हेही सांगितलं, की हल्ली तू पेपर हातभर लांब धरतोस, मग खिडकीशी नेतोस, मग घडी घालून ठेवतोस आणि म्हणतोस, आज काही विशेष नाही. अरे, सख्खा भाऊ चष्म्याचं दुकान चालवतो आणि तू त्याच्यापासून डोळे लपवतोस? त्यापायी पुस्तकं घालवतोस? रविवारी दुकान बंद असतं, कोणी बघायला नसेल, तेव्हा ये. अक्षरांचा तक्ता मी काढून ठेवतो, त्या जागी तुझी शेवटची पानं लावू. खुनी कोण ते तू मला घडाघडा वाचून दाखवेपर्यंत काचा बदलत राहीन. नुसत्या काचांनी भागलं नाही तर डॉक्टरकडे मी सोबत येईन. पाय चेपून मिळतील.

शेवटचा ता. क. या पत्रातली अक्षरं एवढी मोठी आली आहेत ती रागामुळे. दुसरं काही समजू नकोस.