सातवा रकाना

प्रिय चिमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, रकाने भरतेस ना गं रोज?" आणि मी नेहमीसारखं "हो, सगळेच्या सगळे" म्हणाले. फोन ठेवला आणि ताट बाजूला सारलं. सातातले सहा मी प्रामाणिकपणे भरते. सातव्याबद्दल मात्र वर्षभर तुला खोटं सांगत आले आहे. फोनवर खरं बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसले.

रकाने आखले तेव्हा तू शाळेत होतीस. वाचनालयातून मी आरोग्याचं ते जाडजूड पुस्तक आणलं होतं. मी जेमतेम चौथी शिकलेली, छापलेलं सगळं मला खरंच वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं. शरीराला आजाराशी झुंजायचं बळ एखाद्या बाटलीतून मिळत नाही, रोजच्या बारीकसारीक सवयींतून येतं, असं त्यात होतं. शिंप्याच्या बायकोला ते लगेच पटलं. कपडा तरी कुठे एका टाक्यावर टिकतो? मग बाबांचा कापड आखायचा निळा खडू घेऊन मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, रेघा मारल्या. हात धुणं, अर्धा तास चालणं, भाज्या-फळं, सकाळचं ऊन, वेळेवर झोप. लसीच्या रकान्यात वर्षातून एकच खूण, पण बाबा ती सगळ्यांत मोठी काढायचे, सुईचा सूड म्हणून. एक रकाना मोकळा उरला, त्यात पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचं उतरवलं: एक जेवण कुणाच्या तरी सोबत. तो मात्र आम्ही कधी भरलाच नाही. रोज समोरासमोर बसणाऱ्या माणसांनी त्याची काय खूण करायची!

बाबांच्या ओळीत चालण्याची खूण रोज असायची. मी सकाळी चालून यायचे, ते संध्याकाळी दुकान बंद करून. त्यांनी घरात पाऊल टाकलं की मी पहिलं विचारायचे, "झालं का चालून?" ते लगेच खडू उचलायचे. ते गेल्यावर महिन्याभराने त्यांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन मी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, मास्तर कुठले चालतायत! दोन वर्षं या स्टुलावर बसायचे. दम लागायचा ना त्यांना. निघताना बुटांना थोडी धूळ लावून घ्यायचे, म्हणायचे, घरी तपासणी असते."

मला तिथे हसूच आलं. घरी येऊन मात्र कपाट उघडलं आणि त्या निळ्या खुणांशी कडकडून भांडले. गेलेल्या माणसाशी भांडण्यात मजा नाही गं, तो उलटून बोलत नाही. त्यांचा दम घड्याळवाल्याला ठाऊक होता आणि मला नव्हता. का? तर मी रोज खुणेची चौकशी करत होते. माणसाची कधी केलीच नाही. ते वेळेवर डॉक्टरकडे गेले असते तर काय झालं असतं, हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. शोधून झालं आहे.

आता माझं ऐक. मी चालते, हात धुते, गाजर-काकडी चिरून खाते, दहाच्या आत दिवा मालवते. तब्येत ठणठणीत आहे. लस टोचणारी नर्सबाई म्हणाली, आजी, तुम्ही नव्वदी गाठणार. तिने कौतुकाने म्हटलं, पण रस्ताभर मी हिशेब करत आले की म्हणजे अजून वीस वर्षं त्या टेबलाशी एकटीने बसायचं. घरी येऊन मी बाबांचा तो शिवणाचा पुतळा, बिनडोक्याचा, समोरच्या खुर्चीजवळ ओढला. त्याच्या अंगावर बाबांच्या हातून शिवायचा राहिलेला तुझा अर्धवट कोट आहे, डावी बाही नुसती टाचलेली. त्याच्यासमोर जेवले आणि सातव्या रकान्यात खूण केली. तेव्हापासून रोज करते. मीठ कमी पडलं तरी तक्रार करत नाही बिचारा, अगदी बाबांसारखा.

काल खूण करताना बोटांना लागलेली निळी पूड दिसली आणि मला बाबांचे धुळीचे बूट आठवले. मी तुझ्याशी तेच करते आहे, चिमे. तू "माझ्याकडे राहायला ये" म्हणालीस तेव्हा माझ्या सवयी मोडतील असं मी सांगितलं, तीही धूळच. यायचं की नाही ते पुढे बघू. सध्या एवढंच कर. रविवारी तुम्ही जेवायला बसाल तेव्हा फोन लाव आणि ताटाशेजारी ठेवून दे. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. पोरांची भांडणं, भांड्यांचे आवाज, तुझं ओरडणं येऊ दे कानावर, मी इकडे जेवेन. आणि यापुढे रकाने भरले का म्हणून विचारू नकोस. कशी आहेस, एवढं विचार. मी खरं सांगेन.

तुझीच,
आई