विहिरीत ओतलेला ड्रम

चैत्र वद्य नवमी, गुरुवार

आज आलं: टँकरचं पाणी, दोन ड्रम, दोनशे रुपये. सुनीताच्या ओटीसाठी खण आणि नारळ, एकशे दहा. झबलं मी जुन्या साडीचं घरीच शिवलं.

उद्या आमची सून सुनीता सव्वा महिन्याची पोर घेऊन माहेराहून, अमरावतीहून येणार होती. आमच्यात बाळंतीण आधी विहीर पुजते, घागरभर पाणी काढते, मगच कामाला लागते. मीही हीच विहीर पुजली होती. तेव्हा वाकलं की पाणी हाताशी यायचं. आता तळाला नुसती माती. संत्र्याच्या बागेसाठी ह्यांनी तीन बोअर पाडले, शेजाऱ्यांनी त्याहून खोल.

कोरड्या विहिरीची पूजा कशी करायची? म्हणून दुपारी एक ड्रम तिच्यात ओतला. ह्यांनी पाहिलं. "विहिरीले पाणी पाजून राहिली काय वो?" म्हणाले आणि हसत सुटले. मला वाटलं, निदान सकाळपर्यंत राहील. बादली सोडून पाहिली तर सगळं जिरलेलं. अख्खा ड्रम!

संध्याकाळी सुनीताचा फोन. "आई, मी नाही येत. पोरीचे कपडे धुवाले पाणी नाही तुमच्याकडे. इथंच नळाले हळदकुंकू लावतो." तिचं तरी काय चुकलं? पाळणा बांधून ठेवला आहे, तो सोडायला हात होत नाही. हे म्हणतात, चौथा बोअर अजून खोल नेऊ. आणि ही पोर मोठी होऊन बाळंत होईल तेव्हा?

गंगामाई, एक ड्रम आजच तुझ्या पोटात सोडला. जिथं गेली असशील तिथून, परत कधी येतेस, एवढं उलट टपाली कळव.