चमकीचं रक्त

१९ नोव्हेंबर
मुर्री गावचा रूपलाल वरातीची घोडी घेऊन आला. नाव चमकी. महिनाभर ताप येतो-जातो, पोटाखाली सूज, बरगड्या मोजून घ्याव्यात. घोडमाशांमुळे होतो तो सर्रा असावा, डॉ.ना तीच शंका. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात रक्त तपासायचं नवं मशीन आलंय, ते माझ्याकडे. थेंबभर रक्त दिलं की आतल्या आत काच रंगवतं, फोटो काढतं, दहा मिनिटांत कागद. आजचा कागद: जंतू आढळले नाहीत. रूपलाल मशीनला हात जोडून गेला.

२३ नोव्हेंबर
पुन्हा आला. पुन्हा काही नाही. मशीन चुकत नाहीये, हाच तर वैताग. सर्र्याचे जंतू ताप चढला की रक्तात दिसतात, उतरला की दडतात. आणि हा आणतो ती घोडी थंड, न्हाऊ घातलेली. तापात का आणत नाहीस, विचारलं. "तापात चालतच नाही मॅडम, आणू कशी?" खरंच आहे. डॉ. म्हणतात, औषध जहाल, घोडी अशक्त, कागदावर आल्याशिवाय टोचणार नाही. तेही खरं. सगळेच खरे, घोडी तेवढी वाळत चाललीय.

२७ नोव्हें.
दुपारी त्याचा फोन, "आंग तापून राहिलं तिचं, भट्टीवानी." डबा तसाच टाकून स्कूटीवर मुर्रीला. सुई काढली तर हा मधे आडवा. संध्याकाळी वरात. "नवरदेव बसते तिच्यावर. आज रक्त काढलं तं अपशकुन. आमच्या बापानं वरातीच्या दिवशी कधी टोचू नाही देल्लं."
"मग फोन कायले केला?" त्याच्या बायकोनं विचारलं. तिच्यावर खेकसला. मीही भांडले. त्यानं तापातच तिच्यावर झूल चढवली. रिकामी नळी घेऊन परत. चीड आली, रडूही.

२८ नोव्हें.
सकाळी घोडी घेऊन दारात हजर. ताप उतरलेला. कागद: नाही.
"पाहा, मशीनच नाही म्हणते." किती सुटल्यासारखा बोलला. मी कागद फाइलला लावला.

४ डिसेंबर
काल वरातीत चमकी बसली. भर रस्त्यात, नवरदेवासकट. तो मांडवात चालत गेला म्हणे. सकाळी रूपलालचा फोन, "या मॅडम. टोचा. आता कायचा शकुन."
गेले. अंग भाजत होतं तिचं, रक्त पाण्यासारखं. परत येऊन मशीनला लावलं. कागदावर सर्रा, भरपूर. मला आनंद झाला. मग स्वतःचीच किळस आली.
डॉ. दुपारी जाऊन टोचून आले.

५ डिसेंबर
उठलेली नाही. हिरवा चारा तोंडाशी धरला की नुसते ओठ हलवते, असं त्याची बायको सांगते. डॉ. म्हणतात, वाट बघायची, आपल्या हातात होतं ते झालं. कधी होतं आपल्या हातात, कोण जाणे.
आत्ता रूपलालचा फोन. "मॅडम, तुमचं मशीन धा मिनिटात सांगते ना सारं. इचारा ना त्याले, उठन का चमकी?"
विचारते म्हटलं.