गाडी उजवीकडे ओढते

सोम. ४ मार्च
रविवारी फायनल. ड्रॅग रेसिंगच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा पोचलोय. चारशे मीटर, एकही वळण नाही, आणि आमची गाडी अर्ध्यात उजवीकडे ओढते. काल सेमीफायनलला भिंत हातभर राहिली होती. समोरचा बंद पडला म्हणून जिंकलो. बायको म्हणाली, तिने डोळेच मिटून घेतले होते. विश्वास म्हणून नाही हिचा.
संकल्प: पुढचं सस्पेन्शन आणि चाकांचं अलाइनमेंट मुळापासून. शांत डोक्याने. एका संध्याकाळचं काम.

मंगळ. ५ मार्च
गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणल्या. पुढची चाकं दोन मिलिमीटर आत वळवली. माप घेताना सीटवर चालकाचं वजन हवं, नाहीतर रिकामी गाडी वर उचललेली राहते आणि माप खोटं येतं. लोक इथेच चुकतात. मी वाळूच्या पिशव्या मोजून ठेवल्या, बरोबर ७८ किलो. बायकोने पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली आणखी दोन ठेवा. तिला यातलं ओ की ठो कळत नाही.

बुध. ६ मार्च, सकाळी ७
ट्रायल. उजवीकडे.
स्टिअरिंगचे रबरी बुश बदलले. स्प्रिंगा काढल्या, पुसल्या, घातल्या. बोटाचं सालटं गेलं.
संध्याकाळी ६. उजवीकडे.

गुरु. ७ मार्च
सापडलं! गॅरेजची फरशीच उतरती आहे. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. अगं, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे! चाकांखाली पत्रे सारून समतल केलं. परत दोऱ्या, परत ७८ किलो, परत उजवीकडे. पाना भिरकावला. माझ्याच स्कूटरला लागला.

शुक्र. ८ मार्च
बायकोचा धाकटा भाऊ आला. शिंपी आहे, टेप गळ्यातच. विचारतो, दाजी, या पिशव्या कुणाचं वजन? म्हटलं, माझं. लायसन्स काढताना मोजलंय. कधी? चौदा वर्षं झाली असतील. वजन म्हणजे काय दूध आहे, रोज उतू जायला?
तो म्हणाला, त्याच्याकडेही गिऱ्हाइकं पोट आत ओढून माप देतात आणि पँट बिघडवली म्हणून भांडायला येतात. विषय काय, हा बोलतो काय.

शनि. ९ मार्च, सकाळी ९
दोष बाहेरून नीट दिसावा म्हणून मेहुण्याला चालवायला बसवलं. गाडी सुतासारखी सरळ. तीनदा! म्हणजे अलाइनमेंट अचूक आहे, मी पहिल्यापासून सांगत होतो.
मग मी बसलो. उजवीकडे.
बायकोने घरून वजनकाटा आणला. मेहुणा ७८. मी ९७. काटा बिघडलाय. मग बायको चढली. तिचं बरोबर आलं.

दुपारी ३
मेहुणा म्हणतो, सोपं आहे दाजी, एकोणीस किलोच्या पिशव्या वाढवा, तासाभरात नवीन माप घेऊ. अलाइनमेंटला माझी ना नाही. पण मापांचा तक्ता आयोजकांना पाचच्या आत द्यायचा असतो, आणि तो उद्या गाडीच्या काचेवर लावतात. त्यात ‘चालकाचं वजन’ असा रकाना आहे. सगळी रांग वाचत उभी असते. मीच दरवर्षी इतरांचे वाचून हसतो.

४.४०
९ लिहिला. पुढे हात चालेना. अकरा वर्षं या एका रविवारासाठी काढली. रडू आलं, इथे लिहायला काय हरकत आहे. बायको नुसती शेजारी येऊन बसली. तेच जास्त लागलं.

४.५५
तक्ता दिला. दुसरा कोरा घेतला होता. वजन ७८ लिहिलं. चालक म्हणून मेहुण्याचं नाव घातलं.