टेकडीखालची खोली

बाई, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. आज इथे सिंगापुरात एका टेकडीच्या पोटात उतरले, आणि सगळा वेळ तुमची आठवण येत राहिली.

सातवीत तुम्ही आम्हाला इतिहास शिकवायच्या. महायुद्धात सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक कैद झाले, असं सांगून तुम्ही विचारलंत, का बरं? मी हात वर केला आणि म्हणाले, भ्याले म्हणून शरण गेले. वर्ग हसला. तुम्ही फळा पुसलात आणि मला रविवारी घरी यायला सांगितलंत. मी छडीच्या तयारीनं आले. स्वयंपाकघरात तुमचे वडील लसूण सोलत बसले होते. मी उन्हातून आलेली पाहून ते उठले, तांब्या-भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत उभे राहिले. उरलेला घोट मी मोरीत ओतायला निघाले, तर त्यांनी भांडं हातातून घेऊन तो परसातल्या कढीलिंबाला घातला. ते बाहेर असतानाच तुम्ही हळू आवाजात सांगितलंत की ते सिंगापुरात होते. बॉम्बनं नळ फुटलेले, पलटणीला प्यायला पाणी नाही, आणि एका संध्याकाळी हत्यारं खाली ठेवायचा हुकूम आला. साडेतीन वर्षांच्या कैदेनंतर ते परतले तेव्हा गावानं टोमणे मारले. तुम्ही लहान होतात, तुम्हीही विचारलंत, का शरण गेलात? ते एवढंच म्हणाले, "आम्हाला कुणी विचारलं नव्हतं." मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "उत्तर देण्याआधी तू तरी कुणाला विचारलंस का?" आवाज चढवला नाहीत. वर वाटीभर शिरा दिलात.

तो हुकूम जिथे ठरला ती खोली मी आज पाहिली. माझी लेक चौदा वर्षांची आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला टेकडीखालचा तो युद्धातला लष्करी बंकर पाहायचा होता, म्हणून यिशुनच्या घरून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, आम्ही दोघी गेलो. जाड काँक्रीटच्या भिंती, अरुंद बोळ, एकामागून एक खोल्या. तेव्हा इथे हवा इतकी कोंदट असायची की अधिकाऱ्यांना श्वास घेणं जड जाई, असं आमची गाइड सांगत होती. युद्धानंतर बंकर ओस पडला, दारं बंद झाली, कित्येक वर्षं लोक त्याला विसरूनच गेले. पुढे कुणीतरी शोधून काढला आणि त्याचं संग्रहालय झालं. एका छोट्या खोलीत टेबलाभोवती मेणाचे सेनापती बसवलेत. पाणी संपत आलंय, दारूगोळा संपत आलाय, शहरात माणसं मरतायत, आणि त्या टेबलाशी शरण जायचं ठरतं. लेक इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "सो दे जस्ट गेव्ह अप लाह." मी रागावणारच होते. मग तिला म्हटलं, गाइडना विचार, वर उभ्या असलेल्या सैनिकांना हे कधी कळलं. तिनं विचारलं. सगळं ठरून गेल्यावर, हुकूम आला तेव्हाच, हे उत्तर तिनं वहीत उतरवून घेतलं.

बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. कुणाची चूक दिसली की मी आधी त्याला बोलावून विचारते, मग ठरवते. लोकांना वाटतं हा माझा स्वभावच आहे. तो तुमच्या स्वयंपाकघरातून आणलाय, बाई. तिथे मिळालं त्यातलं सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं तेच.

बाहेर आल्यावर टेकडीवरच्या बाकावर बसून मी लेकीला तुमच्या वडिलांबद्दल सांगितलं. वर्गात मी काय बोलले होते तेही सांगितलं. तिनं मराठीत विचारलं, "मग त्या आजोबांना तू सॉरी म्हणालीस?"

मी हो म्हणाले. खरं तर त्या रविवारी शिरा खाऊन, मान खाली घालून मी त्यांच्या समोरून निघून गेले. त्यानंतर ते आठ वर्षं हयात होते, आणि मी रोज तुमच्या दारावरूनच आधी शाळेला, मग कॉलेजला जात होते. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. लेक पलीकडच्या खोलीत प्रोजेक्ट लिहिते आहे, आणि तिलाही मी अजून खरं सांगितलेलं नाही.