कोपराच्या आतली हळद

९ नोव्हें.
आज तोंडाला लावलं. दीड वर्षांनी. दोन चमचे डाळीचं पीठ, सकाळच्या दुधावरची साय, चिमूटभर हळद. हे गेल्यापासून हात लावला नव्हता. 'लावू नकोस' असं कुणी म्हणालं नव्हतं. पण तेराव्यानंतर अक्का, म्हणजे मोठ्या जाऊबाई, माझा हळदीकुंकवाचा करंडा उचलून कपाटात वरच्या फळीवर ठेवून गेल्या. तेवढ्यात सगळं कळलं.
वाळेपर्यंत आरशासमोर बसले. हे असते तर म्हणाले असते, "आज तोंडावर सेट डोसा का?" हसू आलं, पीठ तडकलं. मग रडू आलं, आणखी तडकलं.
धुतल्यावर चेहरा मऊ लागतोय. छप्पन्न वर्षांचा झाला म्हणून काय वाळत टाकायचा?

११ नोव्हें.
अक्का आल्या, जयनगरहून, न कळवता. नेमकं माझं तोंड पिवळं. दारातच सुरू, "कुंदा, हे काय? लग्न मुलीचं आहे की तुझं?"
म्हटलं, "वारले ते हे, अक्का. माझी कातडी जिवंत आहे अजून."
हे म्हणायचे जिभेला आवर. आता आवरणारं कुणी नाही आणि मलाही आवरायची नाही.
मुक्ताच्या लग्नाची यादी घेऊन आल्या होत्या. ४ डिसें.ला हळद, आमच्याच घरी. पाच सवाष्णींची नावं. पहिली हळद अक्का लावणार. माझं नाव शोधलं. सापडलं शेवटच्या पानावर. 'जेवणाचं बघणे : कुंदा.' त्याच्या खाली केटररचा नंबर.
चहा दिला. साखर विसरले. मुद्दाम नाही. बहुतेक.

१२ नोव्हें.
डोक्यातून जात नाही. बनशंकरीत राहायला आल्यापासून गल्लीतल्या बायका उटणं माझ्याकडून नेतात. मसूर डाळ दुधात भिजवून, सावलीत वाळवून, दळून. त्यात संत्र्याची सालं. लिंबू कुणाला तोंडाला लावू दिलं नाही, कितीही मोबाइलवर दाखवू देत. नियम एकच : आधी कोपराच्या आत लावा, एक दिवस थांबा, मग तोंडाला. तेव्हा कुणी विचारत नाही या बाईच्या कपाळावर काय आहे आणि काय नाही.
आज शेजारच्या कानडी शारदम्मा वाटी घेऊन आल्या. "स्वल्प कोडी, कुंदाक्का." थोडं द्या. दिलं, आणि सगळं सांगितलंही. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "निम्म मगळु, निम्म कै." मुलगी तुमची, हात तुमचा. एवढंच बोलल्या आणि वाटी घेऊन गेल्या.
मुक्ताला पहिल्या दिवसापासून या हातांनी न्हाऊ घातलं. दहावीत तोंडभर पुटकुळ्या आल्या, शाळेत जाईना. महिनाभर रोज शेजारी बसायचे. काही लावायचं नाही, फोडायचं नाही, नुसतं गार पाण्यानं धुवायचं. पोरीचे हात धरून ठेवायचे मी. तेव्हा चालले हे हात.
ठरलं. पहिली हळद मी लावणार.

१५ नोव्हें.
जेवताना मुक्ताला सांगितलं. घास तसाच धरून बसली. मग, "आई, नको ना वाद. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."
दोन दिवसांचा!
पानावरून उठले. थोड्या वेळानं माझ्यामागं आली. "रागावलीस?"
"हो."
"बाबा असते तर..."
"बाबा असते तर प्रश्नच नव्हता. तेच तर म्हणतेय मी."
अक्कांचं मला लागत नाही. हिचं लागलं. खूप लागलं.

१८ नोव्हें.
अक्कांचं पालुपद : विहीणबाई काय म्हणतील. म्हटलं विचारूनच टाकू. बेळगावला फोन लावला. सरळ सांगितलं, हळद मी लावणार आहे, तुमचं काय म्हणणं?
 पलीकडून त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग, "आमच्यात असं कधी झालेलं नाही, कुंदाताई." आणखी एक शिट्टी. "पण घर तुमचं. तुम्ही काय ते ठरवा. मी काही बोलणार नाही."
हो म्हणाल्या की नाही म्हणाल्या, देव जाणे. काही बोलणार नाही म्हणजे त्या दिवशी की नंतर जन्मभर मुक्ताला टोमणे, तेही देव जाणे.  पण विचारलं. मीच विचारलं.

२२ नोव्हें.
चिकपेटचा बाजार. अक्का, मुक्ता, मी. मेट्रोनं गेलो, परत येताना पिशव्यांमुळे ऑटो. साड्या झाल्या. पूजेच्या सामानाच्या दुकानात अक्कांनी हळदीचं मोठं पाकीट घेतलं, पिवळंधमक. म्हटलं, "अक्का, ही पूजेची. अंगाला लावायची नव्हे."
"देवाला चालते, हिला चालत नाही होय?"
"देवाला खाज येत नाही."
दुकानदार हसला. अक्कांनी पाकीट मुक्ताच्या पिशवीत कोंबलं.

२४ नोव्हें.
सकाळी सातलाच मुक्ता बाही वर करून पुढ्यात उभी. कोपराच्या आत लालभडक, बारीक पुरळ. रात्री झोपताना अक्कांची हळद तिथं लावून बघितली म्हणे. मी सांगितलं नव्हतं, कुणीच नाही. लहानपणापासूनची खोड.
गार पाण्यानं धुतलं, वर काही लावलं नाही. संध्याकाळपर्यंत उतरलं नाही तर डॉक्टरकडं, असं बजावलं. उतरलं. पण हीच चारचौघांत तोंडाला, गळ्याला फासली असती.
फोटो काढून अक्कांना पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. लिहायचं होतं बरंच.

२५ नोव्हें.
अक्कांचा फोन. आवाजात गूळ. "मग तूच वाट गं घरची. तुझ्यासारखी कुणाला जमते?"
"म्हणजे वाटायला हे हात चालतात, लावायला चालत नाहीत?"
"रीत आहे, कुंदा."
"कुणाची?"
"मला काय विचारतेस! मला सासूबाईंनी सांगितलं ते मी..." थांबल्या. मग अगदी बारीक आवाजात, "उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर सगळे मला बोलतील. मोठी असून होऊ दिलं म्हणून."
म्हणजे भीती आहे. वाईट वाटलं मला त्यांचं. खरंच वाटलं. पण त्यांच्या भीतीपायी मी स्वयंपाकघरात बसायचं? नाही बसणार.

१ डिसें.
हळद कुटायचा मुहूर्त. पाच सवाष्णी आल्या, नटून. मुसळाला आंब्याची पानं बांधलेली. प्रत्येकीनं पाच घाव घातले, गाणी म्हटली, फोटो काढले, केळी-नारळ घेऊन गेल्या. उखळात हळकुंडं जवळजवळ अख्खी.
मग ती हळकुंडं आली माझ्याकडं. खलबत्त्यात फोडली, मिक्सरमधून काढली, यांच्या जुन्या मलमलच्या धोतरातून दोनदा चाळली. दुपारभर. अंगठा सोलवटला. रीत पाच घावांची, हळद माझी.
मुक्ता ऑफिसातून आली, दारात उभी राहून बघत होती.  

३ डिसें.
संध्याकाळी हळद साईत कालवली, तिळाच्या तेलाचे दोन थेंब. बायका बाहेर मेंदीत गुंग. मुक्ता आत आली, दार लोटून घेतलं, उजवा हात पुढं केला. डाव्याला पुरळ आलं होतं ना. "आधी कोपराच्या आत."
बोट बुडवलं. लावलं. रुपयाएवढं. तिथली कातडी अजून लहान मुलासारखी आहे हिची. दोघी त्या ठिपक्याकडं बघत बसलो. 
मग हळूच म्हणाली, "झालं ना आई? पहिली तूच लावलीस. उद्या मोठी आई लावू देत. आपल्याला माहीत आहे ना."
अक्कांना ती मोठी आई म्हणते. लेकरू माझं. दोघींना सांभाळायला बघतंय. मिठी मारली. पण सांगितलं, "नाही गं. दार लोटून लावलेली मोजत नाही मी. मी तुझी आई आहे, चोर नाही."
डोळे भरले तिचे. "मग मी काय करू?"
"तू काही करू नकोस. पाटावर बस. आणि मी आले की मान खाली घालू नकोस."
ठिपक्यावर फुंकर घालत बाहेर गेली. 

४ डिसें.
स. ६. सगळ्यांच्या आधी उठले. मुक्ता गाढ झोपलेली. बाही सरकवून बघितलं. ठिपका वाळलाय, भोवती लाली नाही, पुरळ नाही. हळद चालली पोरीला.
आंघोळ केली. तोंडाला पीठ-साय लावलं, रोजच्यासारखं. हात घासले नाहीत. हळद चाळली तेव्हापासून पिवळे आहेत ते तसेच राहू दिले. जांभळी साडी नेसले, यांनी घेतलेली. करंडा वरच्या फळीवरून काढला, पुसला, देवापाशी ठेवला.
स. ९.३०. अंगणात पाट मांडलाय. मुक्ता बसली आहे, माझ्या खोलीच्या खिडकीतून पाठ दिसते. विहीणबाई खुर्चीवर. शारदम्मा कट्ट्यावर पुढंच बसल्यात. अक्का पाटाजवळ उभ्या, पदर खोचून, इकडंतिकडं बघताहेत. आता हाक आली त्यांची.
"कुंदा, वाटी कुठं आहे गं?"
वाटी माझ्यापाशी आहे. घेऊन निघालेय. मागितली तर देणार नाही.